मिची आणि काळ्या कुया

मेल्चोरा चालताना पाय उचलायचीच नाही. घासत चालायची, जमीन सारवत चालल्यासारखी. चर्चमध्ये मागून घसघस आवाज आला की मान न वळवता कळायचं, मेल्चोरा आली. पायाला काही झालेलं नव्हतं. कुयांच्या स्वयंपाकघरात जन्मलेली बाई ती. पायाखाली वीस-तीस कुया धावत असतात, पाऊल उचलून टाकलं तर कुणाच्या तरी पाठीवर पडायचं. घासत गेलं की त्या आपसूक बाजूला होतात. आमच्या चिल्कापाता गावात सगळ्याच बायका घरात तशा चालतात, पण उंबऱ्याबाहेर आलो की पाय उचलतो. मेल्चोराला ते कधी जमलं नाही. बाजारातल्या गुळगुळीत फरशीवरसुद्धा घसघस.

कुई म्हणजे शहरातले लोक गिनीपिग म्हणतात ती. उंदराच्याच कुळातली, पण शेपूट नाही, भिंतीवर चढणं नाही, कुणाचं काही कुरतडणं नाही. चुलीच्या धगीला बसते, बटाट्याची सालं आणि लसूणघास खाते, दारात परकं माणूस आलं की कुई कुई करून घर डोक्यावर घेते. लग्नाकार्याला ताटात येते. ते सगळ्यांकडेच.

मेल्चोराकडे मात्र काळ्याही होत्या, आणि त्या ताटात यायच्या नाहीत. गावातला झाडपाल्याचा वैद्य कासियानो आजाऱ्याच्या अंगावरून कुई फिरवतो, मग तिला चिरून आत बघतो आणि दुखणं ओळखतो. त्याला काळीच लागते. तपकिरी चालत नाही, ठिपक्यांची चालत नाही, पोटाखाली चार केस पांढरे निघाले तरी परत पाठवतो. अख्ख्या खोऱ्यात निव्वळ काळी जात एका मेल्चोराकडे होती. तिच्या आईकडून आलेली. लग्नाच्या दिवशी आईनं पाठीवरच्या फडक्यात दोन काळ्या बांधून दिल्या आणि सांगितलं, "यांना खायचं नाही, आणि कोंडायचं नाही. कोंडलेली कुई रुसते, आणि रुसलेली कुई वीत नाही." एवढंच सांगितलं. नवऱ्याशी कसं वागायचं ते काही सांगितलं नाही, ते तिचं तिनं शिकून घेतलं.

नवरा तरुणपणीच गेला, मुलगी इर्मा लिमाला कामाला गेली. घरात मेल्चोरा आणि कुया. काळ्यांना ती नावं ठेवायची. मग एका जूनमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, कडाक्याची थंडी पडली, कुयांमध्ये रोग शिरला, सकाळी केर काढावा तशा मेलेल्या कुया काढाव्या लागल्या. तपकिऱ्या आणि ठिपक्यांच्या मिळून अकरा वाचल्या. काळ्यांमध्ये दोनच. एक नर, त्याचं नाव पाद्री. एक मादी, तिचं नाव विधवा. दोघं कायम काळ्यात म्हणून.

तोमासा तिची कोमाद्रे, म्हणजे इर्माला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलेली. ती समोरच राहायची. तिला या नावांचं भलतंच कौतुक.

"कोमाद्रे, तुझ्या घरात एक विधवा आणि एक पाद्री चुलीमागं एकत्र झोपतात, आणि तू रविवारी चर्चला जातेस."

"मी जाते. ते जात नाहीत."

ऑगस्टमध्ये विधवा व्यायली. दोन पिल्लं, दोन्ही काळी. तिसऱ्या दिवशी सकाळी मेल्चोरानं चूल पेटवली तर पिल्लं नाहीत. गवतात एक इवलासा पाय तेवढा सापडला. त्या वर्षी सातूचं पीक चांगलं आलं होतं, पोती घरातच होती, आणि त्यामागून उंदीर आले होते. मांजराच्या पिल्लाएवढाले उंदीर. कुयांचे कान कुरतडायचे, पिल्लं ओढून न्यायचे.

आता मांजर आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण मांजराला उंदीर काय आणि कुई काय. म्हणून कुया असलेल्या घरात मांजर असलं तरी अंगणात, आत नाही. आणि उंदीर तर आतच.

मेल्चोरा दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तोमासाच्या मांजरीचं पाच आठवड्यांचं पिल्लू मागायला गेली. राखाडी, पोटाशी पांढरं.

"कुठं ठेवणार?" तोमासानं विचारलं.

"कुयांमध्ये."

तोमासानं हातातली सोललेली मक्याची कणसं खाली ठेवली. "तुला बरं नाही का?"

मेल्चोराचं म्हणणं असं होतं. सहाव्या वर्षापासून तिनं मेंढ्या राखल्या. मेंढ्यांचा कुत्रा कसा तयार करतात ते तिला ठाऊक होतं. डोळे न उघडलेलं पिल्लू मेंढीला लावायचं, तिच्याच दुधावर वाढवायचं, मेंढ्यांतच झोपवायचं. त्याला वाटतं आपण मेंढीच. मग कोल्हा आला की तो कळपातून उठतो. आणि आमच्या बोलीत मांजराला हाक मारतात ती मिची म्हणून, आणि राखायला, चारायला नेणं यालाही मिचीच म्हणतात. मेंढ्या मिचीला नेल्या, असं. मेल्चोराला त्यात अर्थ दिसला. आधीच्या लोकांनी काय उगाच नाव ठेवलं असेल का, असं तिचं म्हणणं.

"नावावर जाऊ नकोस, कोमाद्रे," तोमासा म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं नाव इनोसेन्सियो, म्हणजे निष्पाप. मागच्या जत्रेत कुठं होता विचार त्याला."

ओट्यावर बसलेला इनोसेन्सियो म्हणाला, "घरीच होतो."

"कुणाच्या?"

पिल्लू मेल्चोरानं आणलंच. कुयांच्या खालचं जुनं गवत घेऊन त्याचं अंग चोळलं, वास मिसळावा म्हणून. चुलीमागं कुयांच्या बिछान्यात त्याला ठेवलं. पहिल्या दिवशी कुया कोपऱ्यात दाटून बसल्या, पिल्लू मधोमध एकटंच म्याव म्याव करत राहिलं. चौथ्या दिवशी गारठा होता, ते जाऊन विधवेच्या पोटाला चिकटलं. विधवेनं दात कटकट वाजवले, पण हलली नाही. त्यानंतर ते तिथंच झोपायचं. बटाट्याचं सूप एका बाजूला मिचीला, लसूणघास दुसऱ्या बाजूला कुयांना, असं रोज. कुई धावली आणि मिचीनं पंजा उगारला की मेल्चोरा फुंकणीनं हलकेच टोचायची. मोठी झाली तशी मिची कुयांकडे बघेनाशी झाली. त्या तिच्या अंगावरून जायच्या. उंदीर मात्र एक सोडला नाही तिनं. रोज सकाळी उंबऱ्यावर मेलेला उंदीर आणून ठेवायची आणि बाजूला बसायची. मेल्चोरा म्हणायची, "शाबास माझी राखणदार," आणि तिला चरबीचा तुकडा द्यायची.

चार महिन्यांत घरात उंदीर राहिला नाही. लोक बघायला यायचे, मांजर कुयांत झोपलंय म्हणून. मेल्चोरा त्यांना मका भाजून द्यायची आणि मेंढीच्या कुत्र्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. ती फार बोलणारी नव्हती, पण त्या दिवसांत बोलायला लागली होती.

डिसेंबरात इनोसेन्सियो आजारी पडला. पोटात दुखायचं, काही खाता येईना. कासियानो आला आणि म्हणाला, काळी लागेल, नर लागेल. तोमासा मेल्चोराच्या दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, आणि ती कधी न बोलता उभी राहत नाही. मेल्चोरा आत गेली, पाद्रीला उचललं, दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत दिलं. कोमाद्रेला नाही म्हणता येत नाही. इनोसेन्सियो बरा झाला. पाद्री परत आला नाही. त्या कामातून कुई परत येत नसते.

पण तोवर विधवा गाभण होती. मेल्चोरानं पोट चाचपून बघितलं, दोन-तीन तरी असतील. आता सगळं त्यावर आलं. त्यात एक काळा नर निघाला आणि जगला तर आईकडून आलेली जात पुढं जाणार. नाहीतर विधवा म्हातारी व्हायला आली होती, ती शेवटची.

"विधवा गाभण आणि पाद्री गायब," तोमासा म्हणाली. नवरा बरा झाल्यावर तिची जीभही बरी झाली होती. "या गावात हे पहिल्यांदाच नाही झालेलं."

जानेवारीत आधी एक तपकिरी कुई व्यायली. मिची आल्यानंतर घरातलं ते पहिलंच बाळंतपण. कुईचं पिल्लू आंधळं-उघडं जन्मत नाही. अंगभर केस, डोळे उघडे, तासाभरात धावायलाही लागतं. तीन पिल्लं चुलीभोवती सुर्रकन धावत होती. मेल्चोरा लसूणघास आणायला वाफ्यात गेली, भारा बांधून परत आली. उंबऱ्यावर एक पिल्लू मेलेलं होतं. शेजारी मिची बसली होती, आणि चरबीच्या तुकड्याची वाट बघत होती.

मेल्चोरा तिथंच खाली बसली. मिचीला तिनं मारलं नाही. मारायचं कशाबद्दल, असं ती नंतर तोमासाला म्हणाली. मेंढ्यांच्या कुत्र्यासमोर कोकरंही जन्मतात, तो त्यांनाही ओळखतो. मिचीनं मोठ्या, जड, संथ कुयाच पाहिल्या होत्या. लहान, चपळ, सुर्रकन धावणारं तिनं एकच पाहिलं होतं, आणि ते मारलं की मेल्चोराच शाबास म्हणायची.

"म्हणजे तूच शिकवलंस," तोमासा म्हणाली.

"मीच."

"आता दे परत तिला. माझ्याकडे अंगणात राहील."

मेल्चोरानं मिचीला समोर नेऊन दिलं. तिसऱ्या सकाळी पोत्यांमागं उंदराच्या लेंड्या दिसल्या. चौथ्या सकाळी तपकिरीचं आणखी एक पिल्लू नव्हतं, आणि विधवेचा डावा कान कडेनं कुरतडलेला होता. मेल्चोरा रस्ता ओलांडून गेली आणि मिचीला काखेत घालून परत आली. ठेवली तर ही खाणार, नाही ठेवली तर ते खाणार. विधवेला दोन-अडीच आठवडे उरले होते.

रविवारी इर्माचा फोन आला. मेल्चोरानं तिला सगळं सांगितलं. इर्मा ज्या घरी काम करायची तिथल्या छोट्या मुलीकडे कुई होती, खेळायला पाळलेली, आणि घरात मांजरही होतं.

"खेळायला?" मेल्चोरानं विचारलं. "मग खातात कधी?"

"खात नाहीत गं आई. तिला फ्रॉक घालतात."

मेल्चोरानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मांजर?"

"कुई पिंजऱ्यात. वरून पक्कं झाकण. मांजर कितीही गोड वागलं तरी झाकण उघडं टाकायचं नाही, असं बाईंनी लिहून लावलंय. पिंजऱ्यावर मांजराला बसूही देत नाहीत. नुसतं टक लावून बघत बसलं तरी कुई घाबरून खाणं सोडते."

"कोंडलेली कुई रुसते."

"रुसू दे. रुसलेली जिवंत तर असते."

हे मेल्चोराला लागलं. त्या दिवशी ती इर्माशी आणखी बोलली नाही, पण सोमवारी माती कालवायला घेतली. चुलीच्या उबेला, पण दाराच्या वाऱ्याला नाही, अशी जागा बघून कच्च्या विटांची दीड वीत उंचीची भिंत घातली, चौकोनी, भोक कुठंच न ठेवता. मोठी कुई जाईल एवढं भोक ठेवलं की त्यातून मांजर जातं, मांजराला डोकं शिरलं की झालं. आत कोरडं गवत, आणि लपायला एक तोंड फुटलेलं मडकं आडवं. वर झाकायला बोरूच्या काठ्या घायपाताच्या दोरीनं विणल्या.

पहिलं झाकण तिनं दोन बोटांच्या फटी ठेवून विणलं, हवा जावी म्हणून. दुपारी बघते तर मिची झाकणावर पसरलेली आणि एक अख्खा पंजा आत लोंबतोय. फटी तिनं करंगळीएवढ्या केल्या. भिंतीवर आणखी एक वीट चढवली, पंजा घातलाच तरी खाली पोहोचू नये म्हणून. विधवेला आत सोडलं तर ती दिवसभर मडक्यात. लसूणघास तसाच पडलेला. रुसलीच ही, असं मेल्चोराला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, मिची चुलीशेजारच्या ओट्यावर बसून भिंतीकडे एकटक बघत होती, आणि वरून फटीतून तिची सावली आत पडत होती. मेल्चोरानं त्या बाजूनं झाकणावर मेंढीचं कातडं टाकलं आणि मिचीची जागा हलवून सातूच्या पोत्यावर केली. संध्याकाळपर्यंत लसूणघास संपला होता. मेल्चोरानं आईचं नाव घेऊन हवेतच सांगितलं, "रुसली नाही. भ्यायली होती."

झाकण हलू नये म्हणून वर वजन लागत होतं. घरातली उचलता येण्यासारखी सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाट्यावरचा वरवंटा. आमचा वरवंटा अर्ध्या चंद्रासारखा असतो, दोन्ही हातांनी डोलवायचा, लहान मूल उचलावं तसा उचलायचा. तो तिनं वर ठेवला. तोमासा येऊन बघून गेली.

"आणि वाटायचं असलं की?"

"उचलेन, वाटेन, ठेवेन."

"रोज?"

"रोजच तर वाटते."

आता हे बघ, काम तिनं सगळं नीट केलं होतं, फक्त कुलूप तेच केलं जे रोज लागतं. आमच्याकडे वरवंट्याशिवाय सूप होत नाही.

विधवा व्यायली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी. बाहेर पाऊस लागलेला होता. मेल्चोरानं कातडं बाजूला करून बघितलं. तीन पिल्लं. दोन काळी, कोळशाच्या खड्यांसारखी, आणि एक तांबडं. तोमासाला हाक मारली. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे पाद्रीचं नाही गं. हे त्या तांबूस तपकिरी नराचं दिसतंय, बोक्यासारखा माजलेला पोत्यापाशी बसतो त्याचं."

"असेल. नजर काय सारखी ठेवता येते?"

"काळ्यांत नर आहे का?"

मेल्चोरानं एकेक उचलून पोट दाबून बघितलं. एक मादी. एक नर. तिनं दोन्ही परत मडक्याजवळ ठेवली, झाकण लावलं, वरवंटा ठेवला, आणि मगच बसली. तोमासा म्हणाली, आता सूप कर, मी आज इथंच जेवते, घरी तो निष्पाप माणूस माझ्या सासूबरोबर बसलाय.

सुपाला मिरची वाटायची होती. मेल्चोरानं वरवंटा उचलला, पाट्यापाशी गेली, दोघी बोलत होत्या. मिची पोत्यावरून उतरली, ओट्यावर गेली, तिथून तिनं झाकणावर उडी मारली, रोज मारायची तशीच. वजन नव्हतं. झाकण कलंडलं, आणि मिची आत पडली.

वरवंटा पाट्यावर टाकून मेल्चोरा धावली. पहिल्यांदाच तिनं पाय उचलून टाकला असेल, कारण एका ठिपकेवालीच्या पायावर तो पडला आणि ती महिनाभर लंगडत होती. तिनं आत हात घालून मिचीला मानेला धरून वर काढलं. तोंडात तांबडं पिल्लू होतं. सोडवलं, पण ते तोवर गेलं होतं. विधवा मडक्याच्या तोंडाशी उभी होती, केस पिंजारलेले, दात कटकट वाजत होते. मेल्चोरानं तिच्या अंगावरून हात आत घातला. मडकं आतून धुरानं काळं झालेलं, काही दिसेना. हाताला आधी एक ऊब लागली, मग दुसरी. दोन्ही हलत होती. मिचीला ती दिसली नसावीत. तांबडं उजेडात होतं.

तोमासा दारात मिचीला धरून उभी होती. तिनं विचारलं, "नर आहे ना?"

"आहे."

"मग मी हिला घेऊन जाऊ?"

"नको. इथंच सोड. उंदीर येतील."

सूप त्या दिवशी मिरचीशिवायच झालं. दुपारी मेल्चोरानं झाकणाच्या एका बाजूला घायपाताच्या दोरीच्या दोन बिजागऱ्या केल्या, दुसऱ्या बाजूला खुंटी मारून गाठ बांधली, आणि ओढ्यावरून एक दगड आणून वर ठेवला. तो दगड दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही, असं तिनं ठरवलं, आणि त्यावर चुन्यानं क्रूस काढला, म्हणजे कुणी परकी बाई आली तरी तो उचलून दार अडवायला घेणार नाही. वाढत्या पिल्लांना पाय मोकळे करायला ती रोज बाहेर सोडायची, पण आधी मिचीला अंगणात घालून, दाराला आतून कडी लावून. चरबीचा तुकडा मिचीला आता उंदराबद्दल मिळत नाही, सकाळी उठल्याबरोबर मिळतो, मग ती उंदीर आणो न आणो. आणतेच.

पुढच्या वर्षी काळ्या सहा झाल्या. कासियानो एक मागायला आला तेव्हा मेल्चोरानं त्याला मादी दिली नाही, नर दिला, तोही तिसरा नर, जातीला दोन मागं ठेवून. इर्मा आली होती. तिनं भिंतीत वाकून बघितलं आणि म्हणाली, आजी म्हणायची ना, कोंडायच्या नाहीत.

"आजीकडे मांजर नव्हतं," मेल्चोरा म्हणाली.

तोमासा अजून रोज येते, दारातूनच विचारते, "कोमाद्रे, राखणदार कुठंय तुझी?"

मिची पोत्यावर झोपलेली असते. मेल्चोरा घसघस करत भिंतीपाशी जाते, गाठ ओढून बघते, दगड सारखा करते.

"ती झोपलीय," म्हणते. "राखते ती मीच."